मिठाचा कर आणि मिठांतील आयोडिन

मराठी घरांत आयोडिनचें पहिलें दर्शन बहुधा फुटलेल्या गुडघ्यावर होत असे. पोर खेळतांना पडलें, कीं घरांतील वडील माणूस फडताळांतून तपकिरी औषधाची बाटली काढी, कापसाचा बोळा तींत बुडवी, आणि पोराच्या किंकाळीकडे लक्ष न देतां खरचटलेल्या जागेवरून तो फिरवी. त्या टिंक्चर आयोडिनचें राज्य आतां बहुतेक संपलें आहे. त्याची जागा मिठाच्या पिशवीवरील एका ओळीनें घेतली आहे. ‘आयोडिनयुक्त’ हा शब्द आज बहुतेक प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे. पण तो तेथें कसा आला, कोणाच्या आज्ञेनें आला, आणि येतांना त्यानें कोणास काय दिलें व कोणाचें काय नेलें, हा इतिहास फारसा कोणास ठाऊक नाहीं.

अलीकडे आमच्या पुणें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत या पिशवीविषयीं एक नवी अरुचि दिसूं लागली आहे. कोणी म्हणतो, ‘समुद्राचें खडे मीठ हेंच खरें मीठ, आयोडिन समुद्रांतच असतें, मग तें वरून घालावयाचें कशाला?’ कोणी उपवासापुरतें असलेलें शेंदेलोण बारा महिने वापरूं लागला आहे. आणि कोणी इतिहासाचा दाखला देतो, तो असा: ज्या मिठासाठीं गांधीजींनीं परकी सरकारशीं झगडा केला, तेंच साधें मीठ खाण्यासाठीं विकण्यास स्वराज्यांतील सरकारनें मनाई केली, तेव्हां १९३० सालचा लढा वायांच गेला म्हणावयाचा! पहिले दोन आक्षेप रसायनशास्त्राचे आहेत व त्यांस उत्तर देणें सोपें आहे. तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो वजनदार आहे. म्हणून त्यापासूनच आरंभ करूं.

पुण्यास समुद्र नाहीं, मिठागर नाहीं. कोंकणच्या आगरांत पिकलेलें मीठ पूर्वीं बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर येई, व मगच येथील भाकरीस चव येई. परंतु मिठाच्या राजकारणाशीं या शहराचा संबंध जुना व निकटचा आहे. १८८८ सालीं सरकारनें मिठावरील कर दर मणास, म्हणजे आजच्या सुमारें सदतीस किलोंस, दोन रुपयांचा अडीच रुपये केला. पुढें चौदा वर्षांनीं, मार्च १९०२ मध्यें, फर्ग्युसन कॉलेजांत अनेक वर्षें अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर प्रथमच बोलावयास उभे राहिले. तिजोरींत शिल्लक पडत असतां रयतेवरील वाढीव कर कायम ठेवणें अन्यायाचें आहे, आणि मिठावरील कर तर आधीं उतरला पाहिजे, हें त्यांचें प्रतिपादन होतें. श्रीमंत मनुष्य दरिद्री माणसापेक्षां कांहीं अधिक मीठ खात नाहीं. म्हणून हा कर उत्पन्नाच्या मानानें गरिबावरच अधिक पडतो. शिवाय मीठ ही चैनीची वस्तु नसून शरीराची गरज आहे. तें महागलें कीं गरीब माणूस त्यांत काटकसर करतो, व ती त्याच्या प्रकृतीस भोंवते. १९०३ सालीं हा कर दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं दीड रुपयावर, आणि १९०७ सालीं एका रुपयावर. कर उतरतांच खप वाढतो, हें गोखल्यांनीं आंकड्यांनिशीं पुनःपुन्हां दाखवून दिलें. मिठाचा प्रश्न हा प्रथम गरिबाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, ही दृष्टि पुण्याच्या एका प्राध्यापकानें राज्यकर्त्यांपुढें मांडली, हें पुढील विवेचनाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

कर उतरला तरी मक्ता गेला नाहीं. समुद्राच्या कांठीं राहणाऱ्या माणसानें दारांतल्या खाऱ्या पाण्यापासून चिमूटभर मीठ केलें तरी तो गुन्हा ठरत होता. या मक्त्यावरच १९३० सालीं घाव पडला. ६ एप्रिल रोजीं दांडीस गांधीजींनीं मिठाचा कायदा मोडला. मेच्या पहिल्या आठवड्यांत त्यांस अटक झाली व येरवड्याच्या तुरुंगांत आणून ठेवण्यांत आलें. तो मे महिना आमच्या प्रांतांतही मिठाचाच महिना ठरला. मुंबईस वडाळ्याच्या आगरावर लोकांच्या झुंडी चालून गेल्या. तिकडे दक्षिण कोंकणांत शिरोड्यास, जेथें वि. स. खांडेकर त्या काळीं शाळामास्तर होते, सत्याग्रहींनीं मिठागरांत उतरून लाठ्या खाल्ल्या. अखेर एप्रिल १९४७ पासून मिठावरील कर नाहींसा झाला. मीठ मोकळें झालें, असें तेव्हां सर्वांस वाटलें.

आतां आयोडिनकडे वळूं. या मूलद्रव्याचा शोधही एका युद्धाच्या धामधुमींत लागला. नेपोलियनच्या काळीं फ्रान्सला बंदुकीच्या दारूसाठीं सोरा हवा होता. पॅरिसजवळ सोरा करणारा बर्नार कूर्त्वा हा त्यासाठीं लागणारे क्षार समुद्रशेवाळाच्या राखेंतून काढीत असे. १८११ सालीं त्या राखेच्या अर्कांत गंधकाचें तेजाब बेताहून अधिक पडलें, आणि भांड्यांतून सुंदर जांभळ्या वाफा निघूं लागल्या. थंड जागीं लागतांच त्या वाफांचे काळसर, चकचकीत स्फटिक बनले. गे-ल्यूसॅक व डेव्ही या दोघां थोर रसायनवेत्त्यांनीं १८१३ मध्यें या पदार्थाची परीक्षा केली व हें नवें मूलद्रव्य आहे असें ठरलें. जांभळ्या रंगाच्या ग्रीक नांवावरून त्यास आयोडिन हें नांव मिळालें. क्लोरिन व ब्रोमिन यांच्याच कुळांतील हें मूलद्रव्य. पिष्ठाच्या कांजींत त्याचा थेंब पडला कीं ती निळीशार होते, ही गंमत शाळेंतील प्रत्येक मुलानें पाहिलेली असते. शोध लावणारा कूर्त्वा मात्र १८३८ सालीं दारिद्र्यांतच वारला.

गलगंड हा रोग आपणांस फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेंत त्याचें वर्णन आढळतें. युरोपांत या रोगावर समुद्रांतील स्पंज जाळून त्याची राख देण्याचा प्रघात होता. जिनीव्हाच्या क्वांदे नांवाच्या वैद्यानें तर्क केला, कीं या राखेंतील गुणकारी वस्तु हें नवें आयोडिनच असावें. १८२० सालीं त्यानें तें रोग्यांस देऊन पाहिलें, आणि गळ्याच्या गांठी विरूं लागल्या. येथेंच हा रोग जगांतून जावयाचा. पण तसें झालें नाहीं. लोक वैद्यास न विचारतां वाटेल तितकें आयोडिन घेऊं लागले, कांहीं जण त्यानें आजारी पडले, आणि औषधाचीच बदनामी झाली. १८५० च्या सुमारास शातें या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें, कीं ज्या मुलुखांत गलगंड आहे तेथील पाण्यांत व अन्नांत आयोडिन कमी असतें. पण फ्रान्समधील विद्वत्सभेस तें पटलें नाहीं. १८९५ च्या सुमारास बाउमान या जर्मन रसायनज्ञास गळ्यांतील थायरॉईड ग्रंथींत आयोडिन सांपडलें, तेव्हां कोठें शंका फिटली. इकडे हिंदुस्थानांत त्यानंतरही मॅककॅरिसनसारखा व्यासंगी डॉक्टर गिलगिटच्या खोऱ्यांत प्रयोग करून दूषित पाण्यास दोष देत होता. औषध हातीं आल्यापासून त्याचा सार्वत्रिक उपयोग होईपर्यंत शंभर वर्षें गेलीं. त्यांतील पुष्कळशीं ज्ञानाच्या उणिवेमुळें गेलीं, आणि कांहीं लोकांचा विश्वास गमावल्यामुळें गेलीं.

गळ्याची गांठ हें या उणिवेचें केवळ बाहेरचें चिन्ह आहे. थायरॉईड ग्रंथि जो स्राव तयार करते त्याचा आयोडिन हा आवश्यक घटक आहे, आणि गर्भांतील बालकाच्या मेंदूची वाढ त्या स्रावावर अवलंबून असते. गरोदर आईस आयोडिनची फार उणीव पडली तर मूल मतिमंद, बहिरें-मुकें, खुरटलेलें असें जन्मास येतें. आणि एकदां जन्मल्यावर तो दोष पुढें कितीही आयोडिन दिलें तरी भरून निघत नाहीं. उणीव थोडी असली तर मूल वरून धडधाकट दिसतें, पण त्याची बुद्धि जेथवर पोंचली असती तेथवर ती पोंचत नाहीं. हें नुकसान आईसही दिसत नाहीं आणि शिक्षकासही दिसत नाहीं. आणि हें टाळण्यासाठीं लागतें तरी किती? मोठ्या माणसास दिवसास दीडशें मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमाचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील दीडशें. सत्तर वर्षांच्या आयुष्यांत सारें मिळून चार ग्रॅमही होत नाहींत. चहाचा एक चमचा त्यानें भरणार नाहीं. मात्र शरीर याचा मोठा सांठा करूं शकत नाहीं; म्हणून तें रोज थोडें थोडें मिळावें लागतें.

आतां तो समुद्राचा आक्षेप. समुद्रांत आयोडिन आहे हें खरें. डोंगराळ जमिनींतील आयोडिन हजारों वर्षांच्या पावसानें व हिमनद्यांनीं धुवून तेथेंच नेलें आहे. पण समुद्र अफाट आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यांत मीठ सुमारें सत्तावीस ग्रॅम असतें व आयोडिन साधारणतः पन्नास-साठ मायक्रोग्रॅम. एक मनुष्य दिवसास दहा ग्रॅम मीठ खातो असें धरलें, आणि पाण्यांतील सारें आयोडिन मिठांतच उतरलें असें घटकाभर मानलें, तरी त्याच्या वांट्यास वीस मायक्रोग्रॅमच येतें. प्रत्यक्षांत तेवढेंही येत नाहीं. आगरांत उन्हानें पाणी आटूं लागलें कीं मिठाचे खडे खालीं बसतात, आणि आयोडिनचे क्षार वर उरलेल्या कडवट पाण्यांत राहतात. तें पाणी आगरी लोक सोडून देतात. शेवाळ व मासे यांच्या अंगीं मात्र समुद्रांतील आयोडिन वेंचून सांठविण्याची शक्ति आहे. म्हणून रोज मासळी खाणारास तें कांहींसें मिळतें. खडे मिठास ती शक्ति नाहीं. शेंदेलोणाची गोष्टही निराळी नाहीं. तें कोणा एके काळीं आटलेल्या समुद्राचेंच मीठ. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळें आहे, आयोडिनमुळें नाहीं. उपवासाच्या दिवशीं तें खाल्ल्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण शाकाहारी घरांत बारा महिने तेंच चाललें, तर उपवास आयोडिनचा घडतो.

मिठांतून आयोडिन देण्याचा मार्ग प्रथम स्वित्झर्लंडनें काढला. तेथील डोंगराळ प्रांतांत गलगंड घरोघर होता. हेरिसाऊ गांवच्या रुग्णालयांतील एगनबर्गर या डॉक्टरनें व्याख्यानें देऊन लोकांस ही गोष्ट समजावून सांगितली. लोकांनीं स्वतः सह्या करून अर्ज केला, आणि १९२२ सालीं त्यांच्या प्रांतांत आयोडिन घातलेलें मीठ विक्रीस आलें. साधें मीठही दुकानांत राहिलें. ज्यास जें हवें तें त्यानें घ्यावें. १९२४ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतानें तोच कित्ता गिरविला. म्हणजे शिरोड्याचे सत्याग्रही मिठागरांत उतरले तेव्हां जगाच्या दुसऱ्या टोंकास मिठाचें हें दुसरें प्रकरण सुरू होऊन गेलें होतें.

आपल्या देशांत तें १९५६ सालीं कांगडा खोऱ्यांत सुरू झालें. प्रो. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें एक लक्ष वस्तीच्या मुलुखाचे तीन भाग पाडले. दोन भागांस आयोडिन घातलेलें मीठ व तिसऱ्यास साधें मीठ पुरविलें. आरंभीं तिन्हीं भागांत शंभरांतील जवळजवळ चाळीस मुलांस गलगंड होता. १९६२ पर्यंत पहिल्या दोन भागांत तें प्रमाण निम्म्यावर आलें. साध्या मिठाच्या भागांत तें होतें तेथेंच राहिलें. मग त्या भागासही आयोडिनचें मीठ देण्यांत आलें व तेथेंही रोग हटला. या प्रयोगाचा वृत्तान्त १९७३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत देव व करमरकर हीं मराठी वाचकांच्या परिचयाचीं आडनांवें आढळतात. आपल्या दमट-उष्ण हवेंत पोटॅशियम आयोडाइडपेक्षां आयोडेट हा क्षार मिठांत अधिक टिकतो, म्हणून पुढें तोच वापरांत आला.

१९६२ सालीं सरकारनें गलगंड-निवारणाची योजना हातीं घेतली ती हिमालयाच्या पायथ्यापुरती. हा डोंगरी लोकांचा रोग आहे, अशी तेव्हां समजूत होती. पुढील पाहण्यांत आढळलें, कीं एकही राज्य या उणिवेपासून सर्वस्वी मुक्त नाहीं. समुद्रकांठचीं राज्यें व आपला महाराष्ट्रही त्यांतून सुटले नाहींत. म्हणून १९८६ पासून सर्व देशाच्या खाण्याच्या मिठांत टप्प्याटप्प्यानें आयोडिन घालावयाचें ठरलें. आणि १९९७ सालीं अन्नभेसळीच्या कायद्याखालीं नियम होऊन आयोडिन नसलेलें मीठ माणसांच्या खाण्यासाठीं विकण्यास बंदी झाली.

येथें इतिहासाची जुनी जखम उघडी पडली. गांधीमार्गी कार्यकर्ते व स्वदेशीचे पुरस्कर्ते यांनीं या बंदीस विरोध केला, आणि तो उगाच केला असें आम्हांस वाटत नाहीं. मिठावर आयोडेटचें पाणी सारखें फवारावयाचें, तें कोरडें ठेवावयाचें, तपासावयाचें, पिशव्यांत भरावयाचें, यास यंत्र व भांडवल लागतें. मोठ्या कारखानदारास हें सहज झेपतें. पेण-उरणच्या खाडीकांठीं दोन-चार कुंड्या पिकविणाऱ्या आगऱ्यास झेपत नाहीं. ज्या आगरावरून आगरी ज्ञातीस नांव मिळालें, त्या आगरांतलें मीठ सरळ गिऱ्हाइकास विकण्याची वाट नियमानें बंद झाली. आणि आयोडिन बहुतांशीं चिलीहून व जपानहून आणावें लागतें, हीही स्वदेशीच्या अभिमान्यांस टोंचणारी गोष्ट होतीच. २००० सालीं केंद्र सरकारनें बंदी उठविली. आरोग्याची गोष्ट सक्तीपेक्षां माणसाच्या समजुतीवर सोडावी, अशी त्या वेळीं भूमिका घेण्यांत आली. परंतु समजूत घालण्याचें काम कोणीं केलें नाहीं. घरोघरच्या मिठांतील आयोडिनचें प्रमाण घसरलें, व २००६ सालीं बंदी पुन्हां आली.

त्या बंदीस सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें तें नागपूरच्या अकॅडेमी ऑफ न्यूट्रिशन इंप्रूव्हमेंट या संस्थेनें. जुलै २०११ मध्यें न्यायालयानें निकाल दिला, तो वाचण्यासारखा आहे. भेसळ रोखण्याच्या कायद्याखालीं, जें मीठ स्वतः अपायकारक नाहीं त्याची विक्री बंद करतां येत नाहीं, म्हणून हा नियम कायद्याबाहेरचा ठरला. पण तो तत्काळ उठविला तर लोकांच्या आरोग्यास धोका पोंचेल, हें जाणून न्यायालयानें आपल्या खास अधिकारांत तो सहा महिने चालूं ठेवला व सरकारास विचार करण्यास अवधि दिला. पुढें अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखालील विनियमांनीं ती बंदी कायम राहिली, आणि आजही ती आहे. नागपूरकरांचा युक्तिवाद नियमापुरता मान्य झाला, आणि मीठ मात्र आयोडिनचेंच राहिलें.

तर मग १९३० सालचा लढा वायां गेला काय? आमच्या मतें नाहीं. मिठाचा कर व मिठांतील आयोडिन या दोहोंत सक्ती आहे एवढ्यावरून ती एक ठरत नाहीं. कराची सक्ती गरिबाच्या ताटांतून कांहीं काढून घेत होती. ही सक्ती त्याच्या ताटांत कांहीं घालते. कराचा पैसा कोठें गेला हें रयतेस विचारतां येत नव्हतें. या बंदीस नागपूरची एक लहान संस्था देशाच्या वरिष्ठ न्यायासनापुढें जाब विचारूं शकली. आणि सर्वांत मोठा भेद हा, कीं मोठ्या माणसास आपल्या ताटांतलें मीठ निवडतां येतें, पण आईच्या पोटांतील बालकास तें येत नाहीं; त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणास तरी निवड करावी लागते. गोखल्यांनीं कर उतरविण्यासाठीं जें तत्त्व पुढें केलें, कीं मीठ हा गरिबाच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, त्याच तत्त्वावर आयोडिनही उभें आहे.

परंतु त्याच तत्त्वानें सरकारवर ऋणही चढतें. ज्या मिठाची सक्ती करावयाची तें स्वस्त असलें पाहिजे, आणि त्यांत सांगितलेलें आयोडिन खरोखरच असलें पाहिजे. कारखान्यांत दहा लक्ष भागांस तीस व घरीं पोंचेपर्यंत निदान पंधरा भाग आयोडिन असावें, असा दंडक आहे. पण २०१८-१९ सालच्या देशव्यापी पाहणींत शंभरांतील शहात्तर घरांच्याच मिठांत तें पुरेसें आढळलें. उरलेल्या चोवीस घरांत बहुधा गरिबांचीं घरें अधिक असणार. लहान आगरवाल्यांस एकत्र करून आयोडिन घालण्याची सोय गांवींच करून देणें, हेंही त्या ऋणापैकींच आहे. आणि शेवटीं, स्वित्झर्लंडांतील त्या डॉक्टरानें जें केलें तें, म्हणजे लोकांस समजावून सांगणें, आपल्याकडे अजून व्हावयाचें आहे. पिशवीवर शब्द छापल्यानें तें होत नाहीं.

तें व्हावयाचें तर आरंभ सुशिक्षित घरांतून झाला पाहिजे. मिठाची बरणी झांकून ठेवावी, चुलीच्या वाफेंत उघडी ठेवूं नये, आणि मीठ शक्यतों पदार्थ शिजत आल्यावर घालावें, म्हणजे आयोडिन टिकतें. रक्तदाबामुळें मीठ कमी करावयाचें असेल तर अवश्य करावें. पण जें खावयाचें तें आयोडिनचें असावें. थायरॉईडचा विकार ज्यास आहे त्यानें आपल्या डॉक्टरास विचारावें. आयोडिन अधिक झालें तरी कांहीं प्रकृतींस तें सोसत नाहीं, हें जिनीव्हाच्या लोकांस दोनशें वर्षांपूर्वींच कळलें होतें. ज्या घरांत सून गरोदर आहे, त्या घरांत तरी ‘शुद्ध’ म्हणून आणलेलें शेंदेलोण उपवासाच्या डब्यांतच राहूं द्यावें.